रातपाळीची झोप आणि ट्रकवरचं घर

अठ्ठ्याहत्तर साल असेल. काळेवाडीत एका खोलीत आम्ही तिघं राहायचो: मी, हे आणि सासूबाई. हे कंपनीत प्रेस मशीनवर, कायम रातपाळी. दिवसा हे झोपणार आणि त्याच खोलीत मी रांधणार. सासूबाईंचं बोट सदा ओठांवर. "हळू! ल्योक झोपलाय." लग्न झाल्यापासून मी पातेलंसुद्धा चोरासारखं उचलत होते.

तशात कामगारांनी आकुर्डीकडं घरांची सोसायटी काढली. आराखडा करणारे साहेब म्हणाले, नुसता कागद दाखवून लोकांना काय कळणार? त्यांनी ट्रकवर फळ्यांची अख्खी खोलीच आणून उभी केली. भिंती सरकवून बघायच्या आणि काय हवं ते सांगायचं. सासूबाईंसकट सगळ्या बायका चपला काढून, उंबरा नसताना उंबऱ्याला हात लावून आत शिरल्या. पुरुषांचं एकच: मोठी खोली ठेवा, पाहुणे येतात.

माझं डोकंच फिरलं. पाहुणे वर्षातून एकदा, रातपाळी रोजची! "साहेब, स्वयंपाकाला मधे भिंत हवी. का, ते दाखवते," मी म्हणाले. हे नुकतेच पाळीवरून आलेले. सतरंजी टाकून ह्यांना ट्रकवरच आडवं केलं, घरचा खलबत्ता आणला आणि शेजारी बसून दाण्याचं कूट करायला घेतलं. आता उठतील, मग उठतील. कुठलं काय! हे चक्क घोरायला लागले. खाली माणसं पोट धरून हसत होती. "वहिनी, कशाला हवी भिंत? गडी तर गाढ झोपलाय!"

चिडून मी बत्ता खाली ठेवला. त्याबरोबर हे दचकून उठून बसले.

"काय झालं? थांबलीस का?" म्हणाले. "अगं, धाडधाड बंद झाली की मला वाटतं मशीन बिघडलं. घरी तर आवाजच नसतो. डोळा म्हणून लागत नाही."

हसू यायला हवं होतं, पण आला तो संताप. इतकी वर्षं श्वास रोखून राबले, ते काय ह्यांना जागं ठेवायला?

साहेबांनी भीतभीत विचारलं, "मग वहिनी, भिंत काढून टाकू?"

"हात लावू नका! ह्यांच्याबद्दल मला पुष्कळ बोलायचंय, आणि तेही मोठ्यानं."

सगळे सासूबाईंकडं बघायला लागले. त्यांनी पदर सावरला.

"ऱ्हाऊ द्या भिंत," म्हणाल्या. "मलाबी बोलायचंय. ह्याच्या बापाबद्दल."