टाचणीची बुधवारची फेरी

तिला सगळे टाचणी म्हणत. एक तर शिवताना तोंडात कायम चार टाचण्या धरलेल्या, आणि त्या काढून बोलली की बोलणं टाचणीपेक्षा जास्त टोचायचं. "बाई, तुमची कंबर मी वाढवली नाही, मी फक्त मोजली," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणार. तरी गिऱ्हाइकं येत, कारण जुना कपडा उसवून पुन्हा बेतावा तर तिनंच.

चर्चमधल्या आजारी माणसांच्या घरी जाणाऱ्या बायकांचा गट तिनंच उभा केला होता. बारा बायका, डब्यात बारा चिठ्ठ्या. जिला जे नाव निघेल तिनं वर्षभर दर बुधवारी त्याच घरी जायचं, अंग पुसायचं, चादर बदलायची, जोडीनं प्रार्थना म्हणायची. चिठ्ठी बदलून घ्यायची नाही, हा नियमही तिचाच. "दया करायची तर आवडनिवड कशाला? आपण काय भाजी घ्यायला आलोय?" असं तिनं फादरांसमोर ठणकावलं होतं. आणि त्या वर्षी तिच्या हातात तिच्याच मोठ्या जावेचं नाव आलं. घ्या आता!

जावेशी तिचं बावीस वर्षं बोलणं नव्हतं. दोघींची घरं भिंतीला भिंत लावून, मधे एकच नळ, आणि त्याआधी नळावरून रोज जुंपायची. एका दुपारी टाचणीच्या सहा वर्षांच्या मुलीला तापात झटके आले. नवरा कामावर, फोन आणि गाडी दोन्ही जावेकडे. पोरीला खांद्यावर टाकून तिनं जावेचं दार बडवलं, "दार उघडा" म्हणून ओरडली. दार उघडलं नाही. ती तशीच मोठ्या रस्त्याकडे धावत सुटली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

जाऊ नंतर म्हणाली, मी बाजारात गेले होते. टाचणीनं बोलणं टाकलं, तरी ते मानून घेतलं. न मानून शेजारी राहायचं कसं? पण मन कुठं ऐकतं! दर महिन्याला कन्फेशनमध्ये ती सांगे, "फादर, माझ्या मनात जावेबद्दल विष आहे." तीन फादर बदलले, विष तेच राहिलं. तिसरे म्हणाले, "मन येईल तेव्हा येईल, हातांनी सुरुवात कर." सांगायला काय जातं!

तर चिठ्ठी निघाली आणि टाचणी गेली. जाऊ अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली, नवरा वारलेला, मुलगा परदेशात. सकाळी एक बाई येऊन भरवून जायची, तेवढंच. खोलीत औषधाचा आणि लघवीचा वास, आणि पाठ बघवेना, इतकी सोललेली. पहिल्या बुधवारी दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. टाचणीनं तिला कुशीवर वळवलं, कोमट पाण्यानं जखमा धुतल्या, पट्टी लावली. प्रार्थनेत क्षमेची ओळ आली तशा दोघीही ती भरभर म्हणून पुढे गेल्या.

तिसऱ्या महिन्यात जाऊ म्हणाली, "तुझा हात अजून जडच आहे गं."

"आणि तुमच्या जिभेला काही झालेलं नाही, देवाची कृपा," टाचणी म्हणाली.

दोघी हसल्या. खरंच हसल्या. मग टाचणीला वाटायला लागलं, असेल बिचारी बाजारात, उगाच आपण इतकी वर्षं जळत बसलो. मन यायला लागलं होतं हो!

आणि सातव्या महिन्यात, दुसऱ्या दिवशी फादर मरणाच्या दारातल्या माणसाला लावतात ते शेवटचं तेल लावायला येणार होते तेव्हा, भिंतीकडे तोंड करून जाऊ म्हणाली, "मी बाजारात नव्हते."

टाचणीच्या हातात पट्टी तशीच राहिली.

"घरातच होते मी. वाटलं, नळावरून भांडायला आलीस. कडी काढायला उठले, आणि परत बसले. पोरीचा आवाजच नव्हता गं."

"तिला आवाज काढता येत नव्हता," टाचणी म्हणाली.

तिला वाटलं, पट्टी फेकावी आणि निघून जावं. पण जखम उघडी होती. तिनं ती पुसली, पट्टी चारी बाजूंनी चिकटवली.

"मला माफ केलंस?"

"नाही, जाऊबाई. हात द्या, गाऊन घालायचाय."

तेल लावूनही जाऊ तगली, आणि त्यानंतर दर बुधवारी ती विचारायची आणि टाचणी नाही म्हणायची. हो म्हणून मोकळी झाली असती, पण एका खोट्यावर बावीस वर्षं काढल्यावर तिला दुसरं बोलवेना. फादर म्हणाले, "जातेस ना अजून? मग झालं." टाचणी म्हणाली, "डोंबल झालं!"

ती रोज तेच दार आठवत राहिली. आणि एकदा शिवता शिवता तिला सुचलं, आपण तरी "पोरीला बघा" कुठं ओरडलो? आवाजही भांडणाचाच होता. मशीन थांबवून ती बराच वेळ रडली. त्या बुधवारी ती ठरवूनच निघाली, की आज विचारलं की हो म्हणायचं, आणि मनापासून म्हणायचं.

जावेनं विचारलंच नाही. टाचणीनं अंग पुसलं, नखं कापली, स्वच्छ असलेली चादरही काढून पुन्हा घातली. "काही हवंय का?" असं तीनदा विचारलं.

"नको," जाऊ म्हणाली. "तुला किती छळायचं? जा तू."

आपण होऊन बोलायला टाचणीची जीभ रेटेना. असू दे, पुढच्या बुधवारी, असं मनाशी म्हणाली. सोमवारी जाऊ गेली.

दफन झाल्यावर गटातल्या बायका तिच्याभोवती जमल्या. "सख्ख्या बहिणीनं केलं नसतं तेवढं केलंस," एकजण म्हणाली.

टाचणी तिच्यावर वसकन ओरडली, "काय केलं मी? एक शब्द मागत होती, तोही दिला नाही!"

बाई दुःखानं बरळतेय, असं वाटून बायकांनी तिला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.