साडू टायर घेतात

आमच्या थोरल्या साडूंइतका टायरावर जीव टाकणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याला हे वेड साडूंनीच लावलेलं असणार. पारनेरकडच्या डोंगरपट्ट्यात त्यांचा पाण्याचा टँकर चालायचा. उन्हाळा लागला की पठारावरच्या एका वाडीला ते पाणी पोचवत, आणि त्या वाडीच्या वाटेला रस्ता म्हणणं हा रस्त्याचा अपमान होता. नुसता खडक आणि उभे धारदार दगड. त्यामुळेच की काय, जगातल्या कुठल्याही गोष्टीचा निकाल ते टायरावरून लावतात. लग्नाला गेले की अक्षता हातात घेऊनच मांडवाबाहेर जातात आणि वऱ्हाडाच्या गाड्यांची चाकं बघून येतात. एकदा एका घरी दुखवट्याला गेलो होतो. साडू बराच वेळ मान खाली घालून बसलेले. घरच्यांना वाटलं, यांना फार लागलंय. निघताना त्यांनी घरातल्या थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "मानूस गेलं, त्याला इलाज न्हाई. पन जीपचा मागला डावा बदला, त्योबी जायच्या वाटंवर हाय." त्यानंतर माझ्या बायकोनं त्यांना दुखवट्याला सोबत नेणं बंद केलं.

भाचीला स्थळ आलं तेव्हाही तेच. आम्ही सगळे आत मुलाचं शिक्षण, शेती, घराणं विचारतोय आणि हे अंगणात मोटरसायकलीपाशी उकिडवे बसलेले. आत येऊन त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "पाव्हणं, टायर एका अंगालाच झिजलाय. पोरगं काम पुढं ढकलनारं दिसतंय. इचार करा." मी विचार केला, घरात कुजबुज झाली, भाची रुसली. शेवटी कळलं, मोटरसायकल मुलाच्या शेजाऱ्याची होती. लग्न झालं, भाचीचा संसार छान चाललाय. साडू मात्र अधूनमधून त्या शेजाऱ्याच्या संसाराची चौकशी करतात.

नवे टायर घ्यायचे असले की ते नगरला माझ्याकडे उतरायचे. माझं चष्म्याचं दुकान आहे. जन्मभर नाकावर वागवायची वस्तू माणसं माझ्याकडे चहा पिता पिता पसंत करतात. साडूंना एका टायराला आठवडा अपुरा पडे. थोरल्या मेहुणीबाईंचं यावर ठेवणीतलं वाक्य आहे : "मला बघाया आल्ते तवा पोहे संपायच्या आत हो म्हनले."

"तुला कुठं खडकाव न्यायची हुती?" साडू म्हणतात.

"मग नेली कुठं?" असं त्या विचारतात, आणि तो विषय तिथंच संपतो.

टायरांच्या दुकानाचे मालक चाचा त्यांना लांबून ओळखत. कारण साडूंच्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत वाडीच्या वाटेवरचे दगड. टायर समोर आला की त्यातला एक दगड ते खाचेत अंगठ्यानं दाबून बसवायचे. गच्च बसला की टायर नापास. "खाचंत बसलेला खडा गप ऱ्हात न्हाई, पाव्हणं. गाडी चालंल तसा आत शिरतो." मग टायराची बाजू दाबायची, वास घ्यायचा, कलिंगड बघावं तसं थोपटून कान लावायचा. चाचा कौतुकानं किलोमीटरची हमी सांगायचे. साडू म्हणायचे, "त्यो डांबरावरचा किलोमीटर झाला. आमचा किलोमीटर येगळा हाय."

अशाच एका फेरीत दिवसभर चाचांच्या दुकानात बसून माझं डोकं उठलं आणि मी म्हणालो, "अहो, टायरच तर आहे." साडू रागावले नाहीत. टायरांच्या चवडीवर बसून चहा घेता घेता त्यांनी सांगितलं. पूर्वी एका उन्हाळ्यात ते घाईनं मिळेल तो टायर चढवून निघाले. अर्ध्या चढावर दगडानं मागच्या टायराची बाजू फाडली. भरलेला टँकर दरीकडं कलला. हलका केल्याशिवाय गाडी वाचत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं तोटी सोडली. वरून वाडीतल्या बाया हंडे घेऊन धावत आल्या. हाताला लागलं तेवढं त्यांनी धरलं, बाकी सगळं मुरमात गेलं. "एकीनं शिवी दिली असती ना, तर बरं वाटलं असतं," साडू म्हणाले. "कोनी काय बोललंच न्हाई. परत माज्या हातनं पानी सांडाया नको, एवढंच बगतो मी." त्या दिवसापासून मी त्यांना घाई केली नाही. आणि त्यांच्या टँकरमधून वाडीचं पाणी पुन्हा कधी वाटेत सांडलं नाही, हेही सांगायला हवं.

मागच्या वर्षी वाडीत नळ आला. वाडीकरांनी साडूंना बोलावून टोपी-उपरणं दिलं. मीही गेलो होतो. एक म्हातारी त्यांच्याजवळ येऊन म्हणाली, "आता तुमी यायचं न्हाई व्हय?" साडू हसले. "येईन की. आता पानी प्यायला येईन." पाणी आल्याचा आनंद त्यांच्याइतका कुणालाच झाला नसेल. पण परतताना ते त्या वाटेवरचा एकेक दगड बघत होते.

आता टँकर सुप्याकडच्या बांधकामांवर जातो, सगळा डांबरी रस्ता. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "पाव्हणं, मागला एक गेलाय. हिकडं येताना तुमीच आना एखादा."

"कोणता आणू?"

"कसलाबी. डांबराव काय, कसलाबी चालतो."

इतकी वर्षं ज्या वेडाला आम्ही हसलो, ते सुटलं म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला फार वाईट वाटलं. तसाच चाचांकडे गेलो. त्यांनी माझ्या मागं कुणी येतंय का ते पाहिलं. मी निरोप सांगितला. चाचा पुढे केलेला टायर पुन्हा भिंतीला टेकवून म्हणाले, "कसलाही म्हणाले? ते? मग आज देत नाही. त्यांना सांगा, चाचांनी दिला नाही. स्वतः येऊन बघा म्हणावं."

दुकानाच्या पायरीवरूनच मी साडूंना फोन लावला आणि हे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"येतो उद्या," ते म्हणाले. "पन चाचास्नी सांगा, गडबड करायची न्हाई."