सरांच्या पेटीतला हिरवा

संशय घेणं ही माझी नोकरीच होती. इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये मी सत्तावीस वर्षं शेड जुळवण्याचं काम केलं. गिऱ्हाईकानं दिलेला कापडाचा तुकडा आणि आमच्याकडं रंगवून आलेला तुकडा शेजारी ठेवायचे, आधी दिवसाच्या उजेडात बघायचे, मग ट्यूबखाली, मग पिवळ्या बल्बखाली. एका उजेडात जुळलेले तुकडे दुसऱ्या उजेडात फितूर व्हायचे. त्यामुळं कुणी "जुळलंय" म्हणालं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न यायचा, कुठल्या उजेडात? ही सवय माझ्याबरोबर घरी आली. भाजीवाली असो, डॉक्टर असो की सून, मी सगळ्यांना एकदा खिडकीजवळ नेऊन बघितल्यासारखी बघते.

निवृत्तीनंतर मी कोल्हापुरात जलरंगाचा वर्ग लावला. शिवाजी पेठेत एका पिठाच्या गिरणीवर लांबट खोली होती, तिथं दर रविवारी सकाळी आम्ही आठजण जमायचो. खाली गिरणी सुरू झाली की आमच्या पाण्याच्या वाट्यांत बारीक लाटा उठायच्या. शिकवणारे सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. उंच, मृदू बोलणारे, हाताला पक्के. भिंतीवर त्यांची चित्रं टांगलेली होती. पंचगंगेचा घाट, उसाचं शिवार, पन्हाळ्याची तटबंदी. चित्रं इतकी स्वच्छ होती, की त्यांचाही मला थोडा संशय आला.

पहिल्याच रविवारी हिरवा बनवायचा होता. सर म्हणाले, निळा घ्या, पिवळा घ्या, मिसळा. त्यांच्या कागदावर उसाच्या कोवळ्या पात्यासारखा लखलखीत हिरवा उतरला. माझ्या कागदावर रंकाळा तळ्याच्या कडेला साचतं तसलं काहीतरी.

"सर, तुम्ही तिसरं काय घातलंत?" मी विचारलं.

"काहीच नाही."

"मग माझाच का मळला?"

सर माझ्या टेबलाशी आले. माझ्या कागदाकडं त्यांनी नीटसं बघितलंही नाही. माझी निळ्याची ट्यूब उचलली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तिच्यावरचं नाव वाचलं. मग पिवळ्याची ट्यूब उचलली, तिचंही नाव वाचलं.

"हा अल्ट्रामरीन. तांबड्याकडं झुकलेला निळा. आणि तुमचा पिवळा नारंगीकडं झुकलेला. म्हणजे दोघांच्याही पोटात थोडा थोडा तांबडा आहे. हिरव्यात तांबडा गेला की हिरवा विझतो. प्रशियन ब्लू आणि लेमन यलो घ्या, मग बघा."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्या मनात मात्र एक खडा राहिला. हा माणूस रंग बघायचा सोडून नाव का वाचतो? आमच्या लॅबमध्ये डब्यावरच्या नावावर कुणी विश्वास ठेवत नसे. आधी डोळ्यानं बघायचं, नाव नंतर.

घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद चिकटवला. दोन निळे, दोन पिवळे, चार चौकोन. तांबड्याकडं न झुकलेला, म्हणजे थंड, निळा आणि तसाच पिवळा यांच्यातून झणझणीत पोपटी निघाला. दोन्ही तांबड्याकडं झुकलेले, उबदार घेतले तेव्हा शेवाळी. उरलेल्या दोन जोड्या मधेच कुठंतरी. सरांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. एवढ्यावर दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. मला उलट वाटलं, एवढं पक्कं माहीत असलेला माणूस कागदाकडं बघायचं का टाळतो?

पुढच्या दोन-तीन महिन्यांत मी वहीभर लिहून घेतलं. एका मिश्रणात दोनच रंग, फार तर तीन, चौथा घातला की चिखल. हिरवा फार भडक वाटला तर त्यात टिपूसभर तांबडा घालायचा, लगेच शांत होतो. जांभळा आवरायचा असेल तर पिवळा. बाजारातला काळा वापरायचा नाही. गडद निळ्यात तपकिरी मिसळला की त्याच्यापेक्षा जिवंत काळोख मिळतो. आणि ओल्या रंगाचं खरं मानायचं नाही, वाळला की तो एक पायरी फिकट होतो. हे शेवटचं मला कापडामुळं माहीत होतं. सरांनी तेच सांगितलं तेव्हा मला त्यांच्याबद्दल आपुलकीही वाटली. पण डोळे काही गप्प बसेनात.

खोलीत सरांची बायकोही असायची. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. मागच्या खुर्चीत बसून शेंगा सोलायची, मधेच उठून आमच्या टेबलांमधून फिरायची आणि मोठ्यानं बोलायची. "अय्या, डोंगर जांभळा झाला की तुमचा!" किंवा "ह्यांचं आभाळ बघा, कसं तांबूस आलंय!" सुरुवातीला मला तो आगाऊपणा वाटला. मग लक्षात आलं, की ती ज्या टेबलाशी बोलते तिथंच थोड्या वेळानं सर येतात आणि म्हणतात, "जांभळा जरा आवरा." आधी वहिनी, मग सर. हा क्रम कधी चुकायचा नाही.

माझ्या शेजारी कागल एमआयडीसीतून निवृत्त झालेले एक फोरमन बसायचे. आवाज फौंड्रीतला, खोलीत मावायचा नाही. मी त्यांना हळूच म्हणाले, "वहिनी आधी, मग सर. बघितलंत का कधी?"

"मग काय तर," ते म्हणाले, आणि हळू बोलायचं त्यांना जमतच नसल्यानं मी दचकले. "खरी मास्तरीण तीच हाय. सर नुस्तं नावाला."

हे ते चेष्टेत बोलले, पण माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. भिंतीवरची चित्रं वहिनींची असणार. सही सरांची, हात बाईचा. मग मी चित्रांच्या कोपऱ्यातल्या सह्या न्याहाळायला लागले. वहिनींच्या बोटांना रंग लागलाय का ते बघायला लागले. लागलेला नसायचा. शेंगांच्या टरफलांची धूळ तेवढी असायची.

श्रावण संपता संपता एका रविवारी वहिनी आल्या नाहीत. "लेकीकडं गेलीय, पन्हाळ्याला," सर म्हणाले. म्हटलं, आज कळेल.

त्या दिवशी सर टेबलांमधून फिरले, पण एका रंगाचं नाव त्यांच्या तोंडून आलं नाही. पाणी जास्त झालंय, ही कड मऊ करा, इथं गडद पाहिजे, सगळं हेच. वर्गात कॉलेजला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी दोन डाग दाखवून विचारलं, "सर, ह्यातला कुठला झाडाला बरा?" सरांनी दोन्ही डागांकडं बघितलं आणि मग बाईंच्या चेहऱ्याकडं. "तुम्हाला काय वाटतं?"

ती नजर मी ओळखली. आमच्याकडं शेड विभागात नवीन माणूस घेताना त्याला ठिपक्यांची वही दाखवायचो. रंगीत ठिपक्यांत एक आकडा दडवलेला असतो. ज्याला तो दिसत नाही तो पानाकडं बघतो आणि मग समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघतो, तिथून काही कळतंय का म्हणून. अशी कितीतरी माणसं मी परत पाठवली होती.

तरी माझी खात्री होईना. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण दोन तुकडे तिसऱ्या बल्बखाली धरल्याशिवाय मला चैन पडत नाही. सर बादली घेऊन खालच्या नळावर पाणी आणायला गेले. बाकीचे आपापल्या कागदांत डोकं घालून बसलेले. सरांची रंगपेटी टेबलावर उघडी होती. पत्र्याची जुनी पेटी, बारा खण, प्रत्येक खणात रंगाची वडी, आणि वड्यांचा क्रम कायम ठरलेला. मी हिरव्याच्या खणातली वडी काढून तपकिरीच्या खणात ठेवली आणि तपकिरी हिरव्याच्या. वाळल्या वड्या दोन्ही काळपटच दिसत होत्या, पण माझ्यासारखीला लांबूनही ओळखू आल्या असत्या. बोटं मी साडीलाच पुसली.

सर वर आले आणि त्यांनी कागद ताणून लावला. जोतिबाचा डोंगर, पावसानं भिजलेला, पायथ्याला कौलारू घर. आभाळ झकास उतरलं. मग त्यांनी ब्रश पाण्यात बुडवून सवयीनं हिरव्याच्या खणावर फिरवला आणि डोंगराचा मोठा उतार एका दमात कागदावर सोडला. सगळा तपकिरी.

सगळ्यांचे ब्रश थांबले. खाली गिरणीही बंद होती. सरांनी दुसरा हात मारला, आणखी गडद. काठाकाठानं ते झुडपं काढत होते, हिरवीगार समजून, मन लावून.

मग फोरमन मोठ्यानं म्हणाले, "सर, श्रावणातच उन्हाळा लागला की हो!"

बाकी सगळे हसले. सरही हसले, पण हसता हसता त्यांनी एकेकाचा चेहरा बघितला. माझ्यापर्यंत आले तेव्हा मी खाली बघितलं. ब्रश थोडा वेळ हवेत राहिला.

"व्हय की," ते म्हणाले. "उन्हाळ्यातलाच डोंगर काढतोय. त्याला पण चित्रात यायचा हक्क आहे."

पुढं त्यांनी फक्त निळा आणि पिवळा, एवढेच दोन खण वापरले. घराच्या कौलांना हातच लावला नाही. लाल कौलांचं घर पांढरं राहिलं. सगळ्यांना ते सुंदर वाटलं, कॉलेजच्या बाईंनी तर फोटो काढून घेतला. कौलांची जागा कोरी का राहिली ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आता कुठल्या खणात काय आहे, यावरचा त्यांचा भरवसा उडाला होता.

वर्ग सुटला. सगळे जिना उतरेपर्यंत मी ब्रश धूत राहिले. मग वड्या परत जागेवर ठेवायला हात पुढं केला तर सर मागं उभे.

"राहू द्या," ते म्हणाले. "ती संध्याकाळी आली की लावील."

"मीच केलं, सर."

"ते कळलं. बाकीचे हसले, तुम्ही हसला न्हाय." ते स्टुलावर बसले. "नोकरी कुठं केलीत तुम्ही?"

"इचलकरंजीला. शेड जुळवायला."

"आरं देवा." ते मनापासून हसले. "मग पहिल्याच दिवशी ओळखलं असणार."

"नाही. मला वाटलं तुम्ही काहीतरी लपवताय."

"लपवतच होतो की."

मग त्यांनी सांगितलं. हिरवा, तपकिरी, तांबडा हे त्यांना लहानपणापासून एकमेकांत मिसळलेले दिसतात. पिवळा आणि निळा नीट दिसतात, गडद-फिकट तर इतरांपेक्षा बारीक दिसतं. चित्रकलेचं वेड होतं, नोकरीही त्यातच मिळाली, आणि बोलायचं राहून गेलं. मग त्यांनी रंगांचे नियम पाठ केले. कुठल्या निळ्यात काय दडलंय, कुणात कोण घातला की कोण मरतो, सगळं तोंडपाठ.

"तुम्हाला दिसतं," ते म्हणाले, "म्हणून तुम्ही अंदाजानं घालता. मला अंदाज करायची सोयच नव्हती."

"आणि भिंतीवरची चित्रं?"

"माझीच. ती फक्त शेवटी बघून सांगते, कुठं घसरलोय ते." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला वाटलं तिची आहेत?"

मी होय म्हणाले. यावर ते हसले नाहीत. मला वाटतं, वड्या बदलल्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं.

घरी येताना मी बिंदू चौकापर्यंत पायी आले, रिक्षा करायचं सुचलंच नाही. लॅबमध्ये ज्यांना मी परत पाठवलं त्यांचे चेहरे आठवत राहिले. त्यांना परत पाठवणं कामाचा भाग होता. इथं मला कुणी ते काम दिलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी जावं की न जावं हे ठरेना. शेवटी गेले. वहिनी आपल्या खुर्चीत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं, की सगळं त्यांच्या कानावर गेलंय. त्या दिवसापासून त्या माझ्या टेबलाशी थांबेनात. सगळ्यांच्या आभाळाबद्दल बोलायच्या, माझं आभाळ ओलांडून पुढं जायच्या. आता संशयानं बघायची पाळी त्यांची होती, आणि माझी काही तक्रार नव्हती. मी जागेवरून उठले तरी त्यांची नजर आधी पेटीकडं जायची.

दसऱ्यानंतर सरांनी स्वतःच वर्गाला सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, माझं नावही घेतलं नाही. हातात तांबड्याची ट्यूब धरून म्हणाले, "हे मी वाचून सांगतोय, बघून नव्हं." मग फोरमन म्हणाले, "आयला, मग आम्ही डोळं असून एवढा चिखल करतोय व्हय!" त्यावर सगळे मोकळे झाले. सगळेच नाही. कॉलेजच्या बाई पुढच्या रविवारपासून यायच्या बंद झाल्या. त्यांनी मला फोन करून विचारलं, "ज्याला दिसत नाही तो शिकवणार काय?" मी म्हणाले, "माझा हिरवा आता मळत नाही, एवढं मला माहीत आहे." त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं.

आता वर्गात आम्ही सातजण उरलोय. सर उघडपणे विचारतात, "हा कसा आलाय, सांगा." आम्ही सांगतो, आणि सांगताना आपल्यालाच नीट बघावं लागतं. पूर्वी मी "तपकिरी" म्हणून मोकळी व्हायचे. आता सांगावं लागतं, की तांबड्याकडचा तपकिरी, थोडा मेलेला, कडेला पिवळसर. मोबाईलवर चित्राचा फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघायला त्यांनीच शिकवलं. रंग कितीही गोड असला तरी गडद-फिकट चुकलं असेल तर तिथं लगेच उघडं पडतं.

माझं चित्र चांगलं झालंय असं सर म्हणतात तेव्हा त्यांना नक्की काय दिसतं, हा प्रश्न मला अजून पडतो. विचारायचं धाडस होत नाही.

वहिनी मात्र बरेच महिने बोलल्या नाहीत. होळीनंतरच्या एका रविवारी त्या मागून आल्या, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि माझ्या कागदाकडं बघत राहिल्या. कागदावर साधी दोन वांगी होती. शेवटी म्हणाल्या, "देठ जरा निळसर झालाय." मी ब्रश धुतला, टिपूसभर पिवळा घेतला आणि देठावर फिरवला. देठाचा रंग वाळेपर्यंत त्या शेजारीच बसून राहिल्या.