विहीणबाईंचा समोरचा दात

मास्तरांनी तीस वर्षांत हजारो दात घडवले, पण ते ज्या तोंडांत बसले ती तोंडं त्यांनी क्वचितच पाहिली. दवाखान्यातून प्लास्टरचा साचा यायचा, सोबत रंगाचा आकडा. मास्तर चिनीमातीची पूड कालवायचे, थरावर थर देऊन भट्टीत भाजायचे, आणि तो दात कुणाच्या तरी हसण्यात बेपत्ता व्हायचा. दात ओळखू आला नाही म्हणजे जमला. या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते.

आकडा यायचा तो पट्टीवरून. एका पातळ पट्टीवर सोळा नमुन्याचे दात ओळीने लावलेले असतात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई ती रुग्णाच्या ओठाशी धरायच्या आणि जुळेल तो आकडा लिहायच्या. इतकं सोपं काम फार दिवस चालू राहणं शक्यच नव्हतं. बाईंनी सुधारणा केली. आता पट्टीऐवजी तोंडाचा फोटो येऊ लागला. मास्तरांनी तयार दात आपल्या टॅबवरच्या फोटोशेजारी धरून बघायचा, बाईंनी तो त्यांच्या टॅबवरच्या त्याच फोटोशेजारी धरायचा आणि पसंत पडला तरच रुग्णाला बोलवायचं. रुग्णाच्या खेपा वाचतात, असं कारण होतं.

याच सुमारास मास्तरांच्या लेकीच्या सासूबाईंनी कपाटाचं दार स्वतःच्या तोंडावर उघडलं आणि समोरचा दात निम्मा गेला. त्या याच दवाखान्यात गेल्या आणि मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "दात आमच्या व्याह्यांकडूनच करून घ्या हं."

पहिला दात मास्तरांनी जीव ओतून केला. टॅबवर धरला तर कुठे फोटो संपतो आणि कुठे दात सुरू होतो ते कळेना. दोन दिवसांनी तो परत आला. चिठ्ठीत एकच शब्द: पिवळा.

दुसरा दात त्यांनी एक छटा उजळ केला. परत. "अजून थोडा पिवळट."

तिसरा त्यांनी मन घट्ट करून असा पांढरा केला की त्यांच्या टॅबवर तो भिंतीच्या चुन्यासारखा दिसत होता. यावर दवाखान्यातून फोनच आला.

"मास्तर, हा तर फारच पांढरा! तुमची नजर ठीक आहे ना?"

"परवा पिवळा म्हणत होतात, बाई."

"परवा जुना टॅब होता. कालच नवीन मॉडेल घेतलं."

मास्तरांनी फोन ठेवला. तेवढ्यात तो पुन्हा वाजला. लेक होती.

"बाबा, आज किती तारीख?"

"का गं?"

"तीन आठवडे झाले. सासूबाई रुमाल तोंडाला लावून बोलतात, पण बोलायचं काही सोडत नाहीत. 'सगळ्या गावाचे दात करतात, घरचा एक होत नाही.' सकाळी एकदा, जेवताना एकदा. मी ऐकून घेते. आपलेच दात, आपलेच ओठ."

मास्तरांनी परत आलेले दोन दात आणि आपला टॅब पिशवीत घातला आणि दवाखाना गाठला. बाईंच्या टेबलावर तीन टॅब शेजारी शेजारी ठेवले. एकच फोटो, तिन्हींवर. मास्तरांच्या टॅबवर विहीणबाईंचे दात दुधाच्या चहासारखे, बाईंच्या जुन्यावर निळसर दुधासारखे आणि नव्यावर किंचित गुलाबी, जणू त्या नुकत्याच लाजल्या होत्या.

"पण फोटो तर एकच आहे!" बाई म्हणाल्या.

"तोंडही एकच आहे. ते कुणी बघितलंय?"

बाईंनी टॅबच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून कुणीतरी अतिशय नम्रपणे सांगितलं की मॉडेलनुसार पडद्याची छटा थोडी वेगळी असतेच आणि तिन्ही पडदे निर्दोष आहेत. म्हणजे चूक कुणाचीच नव्हती. अशा वेळी ती ज्याच्या हातात दात असतो त्याची असते.

मास्तर बाईंकडून तिसरा दात घेऊन, तिन्ही डबीत घालून, बाईंची जुनी पट्टी खिशात टाकून थेट लेकीच्या घरी गेले.

"विहीणबाई, खिडकीपाशी बसा आणि तोंड उघडा."

रुमाल आणखी वर गेला. "व्याह्यांसमोर? शोभतं का?"

"मी दाताच्या कण्या करून सांगतोय. एकदाच."

लेकीने दोघांना पाणी आणून दिलं आणि खिडकीचा पडदा सारला. उजेड आत आला. विहीणबाईंनी डोळे मिटून, जणू फाशीला जाताहेत अशा थाटात, तोंड उघडलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच घरात शांतता होती. मास्तरांनी आधी पट्टी धरली, मग एकेक दात. पहिला शेजाऱ्यांच्या ओळीत खरोखरच पिवळा पडला. तिसरा पाहुण्यासारखा चमकला. दुसरा मात्र धरला तसा दिसेनासाच झाला.

मास्तरांनी पट्टीवरचा आकडा एका कागदावर लिहिला, खाली सही केली आणि तो दुसऱ्या दातासोबत विहीणबाईंना दिला. "उद्या जा. बाईंना म्हणावं, हाच बसवा. मध्ये टॅब आणू नका."

दुसऱ्या दिवशी दात बसला. विहीणबाईंनी आरशात पाहिलं, रुमाल धुवायला टाकला आणि सुनेकडून हसरा फोटो काढवून बहिणीला तिच्या टॅबवर पाठवला. पाचच मिनिटांत बहिणीचा फोन आला. "छान गं! पण दात जरा हिरवट नाही वाटत?"



"माझ्या व्याह्यांनी केलाय तो," विहीणबाई रुमालाशिवाय म्हणाल्या. "तुझा टॅब दाखवून घे कुणाला तरी."