मनगटावरची वेळ

मी बी.एस्सी. फिजिक्स. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि हे मी लपवत नाही. डिंडोलीत आमच्या गल्लीत कुणाचा पंखा अडला तरी लोक मला बोलावतात. फिजिक्स म्हणजे तेच, असा त्यांचा समज. त्या सुट्टीच्या सकाळी मात्र प्रश्न खरोखर माझ्या विषयाचा होता.

बाबा पांडेसऱ्यातल्या एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवतात. तिथे पाळी बदलताना लूम थांबत नाहीत. जोडीदार येऊन उभा राहिला की मगच आधीच्याने हलायचं. बाबांचे जोडीदार गावाकडच्या आमच्याच तालुक्यातले, मी त्यांना काका म्हणते. गेले काही महिने बाबांची एकच कुरकुर, हा रोज उशिरा येतो. शेवटी त्यांनी सगळ्या कारीगरांसमोर तक्रार केली. खात्यावर देखरेख करणाऱ्या मास्टरने काकांना बजावलं, आणखी एकदा उशीर झाला तर दुसरं खातं शोध.

खात्यातलं घड्याळ कधीचंच बंद. मोबाइल दारातच जमा होतात. म्हणजे आत वेळ बाबांच्या मनगटावरची, आणि काका घरून निघायचे मोबाइल बघून.

त्या सकाळी काका आमच्या घरी आले, चहाला हात लावला नाही. "भाऊ, मी लबाड नही," एवढंच म्हणाले. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मी सांगितलं, मोबाइलमधली वेळ अणुघड्याळांवरून येते. सिझियमच्या अणूचा ठेका मोजून सेकंद ठरतो. तरी तिथेही कुणी एका घड्याळावर विसंबत नाही, पुष्कळ घड्याळं एकमेकांशी ताडून वेळ काढतात. उपग्रहावरचं घड्याळ तर जमिनीवरच्यापेक्षा किंचित पुढे धावतं, ते आधीच धरून चालतात. आपण चुकतोय हे घड्याळाला स्वतःला कळत नाही.

"द्या इकडे," म्हटलं, आणि बाबांचं घड्याळ मोबाइलशेजारी ठेवलं. ते चांगलं चहा उकळून होईल इतकं पुढे होतं.

बाबा म्हणाले, सेल गेला असेल. आई ओट्याशी होती. मागे न वळता म्हणाली, "काटा मीच पुढे करस."

दिवाळीनंतर एकदा उशीर झाला म्हणून बाबांना खात्याच्या दारातून परत पाठवलं होतं. भिंतीवरचं घड्याळ आमच्याकडे पहिल्यापासूनच पुढे, सगळ्या गल्लीत तसंच. पण ते पुढे आहे हे बाबांना माहीत, ते मनातच वजा करतात. म्हणून आईने मनगटावरचं धरलं. बाबा अंघोळीला गेले, की घड्याळ खुंटीवर असायचं.

काका हसले. "वहिनी, असं घड्याय माले बी द्या."

बाबा हसले नाहीत. मी त्यांना म्हटलं, उद्या मास्टरला सांगा. त्यांनी सांगितलं. सगळ्यांसमोर नाही, मास्टरला बाजूला घेऊन, घड्याळ बिघडलं होतं म्हणून. आईचं नाव काढलं नाही. मास्टरने काकांना ठेवून घेतलं.

राहिले काकाच नाहीत. महिना भरला तसे बमरोलीतल्या खात्यात गेले. लबाड ठरवलं चारचौघांत, चूक कबूल केली कोपऱ्यात, असं ते कुणाजवळ तरी बोलले म्हणे. खोटं नाही ते.

आता बाबांचं घड्याळ बरोबर असतं. आई त्याला हात लावत नाही. तरी निघताना चप्पल घालता घालता बाबा मनगट झाकून मला विचारतात, "बेटा, कितला वाजनात?"