ओढ्यावरचा पूल आणि मोसंबीची बाग

पोलीस ॲक्शननंतर कचेरीचा कारभार हळूहळू मराठीत आला. माझी शाळा उर्दू, घरची बोली मराठी. त्यामुळं करमाडच्या आसपासची माणसं निजामाच्या काळातले जुने उर्दू कागद वाचून घ्यायला माझ्या शेतावर यायची. मोट थांबवून मी त्यांच्यासोबत औरंगाबादच्या कचेरीत जायचो. असं करता करता एका निवडणुकीत लोकांनी मलाच उभं केलं आणि मी आमदार झालो.

गावाचं मागणं एकच होतं, ओढ्यावर पूल. पावसाळ्यात जालना रस्त्याला लागायचं तर माणसं छातीएवढ्या पाण्यातून जायची. मी मुंबईला सभागृहात प्रश्न विचारला. मंत्री म्हणाले, तपासून पाहू. पुढच्या अधिवेशनातही तेच उत्तर. मनमाडला गाडी बदलत मी जा-ये करत राहिलो. घरी आलो की ओसरी भरलेली. कुणाला बदली हवी, कुणाला नोकरी. जोडे काढायच्या आत माणसं बोलायला लागायची आणि आत भाकरी गार व्हायची.

मुदत संपता संपता पूल झाला. उद्घाटनाची गर्दी पांगल्यावर मी एकटाच शेताकडं वळलो. बांधावर आलो आणि थबकलो. मोसंबीची बाग नव्हती, नुसते बुंधे उरले होते. बायको पलीकडं तुरीत खुरपत होती.

"हे कधी तोडलं?"

"उन्हाळ्यातच. हीर आटली, झाडं उभ्या उभ्या वाळली."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगाया दोनदा ओसरीत आले व्हते," ती म्हणाली. "तुमच्याभवती लई माणसं व्हती."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती पुन्हा खाली वाकली. रोपं आम्ही दोघांनी लावली होती. पहिल्या वर्षी तिनं घागरीनं पाणी घातलं होतं. मी बांधावरच बसलो. उठावंसं वाटेना.

पुढच्या निवडणुकीला पक्षाची माणसं आली तेव्हा मी नको म्हणालो. मी रुसलोय असं त्यांना वाटलं. समजावत बसायचंही त्राण माझ्यात नव्हतं. बागेच्या जागी ज्वारी पेरली.

तरी एका सकाळी शेजारच्या गावचा म्हातारा ओसरीवर येऊन बसला. नातवाला वसतिगृहात जागा हवी होती.

"बाबा, मी आता आमदार नाय."

"व्हय, ठावं हाय," तो म्हणाला. "पर सायबाची वळख तर हाय ना?"

मी आत गेलो, धुतलेला सदरा घातला आणि त्याच्याबरोबर निघालो.