झांजेतल्या गोळ्या

औषधांचा डिप्लोमा करत होते तेव्हा मला भलतंच शहाणपण आलं होतं. मालाडच्या आमच्या चाळीत कुणाला ताप आला, कुणाचं पोट बिघडलं, की बायका आधी मला विचारत, आणि मी न विचारलेलंसुद्धा सांगून मोकळी होत असे. त्या शहाणपणाची शिक्षा माझ्या बापाने भोगली.

बाबा गिरणीत होते. संपात गिरणी गेली, मग एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झाले, आणि तिथेच एक दिवस त्यांना खुर्चीत बसवेना. कॅन्सर मणक्यात उतरला होता. शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, दर चार तासांनी घ्यायच्या, दुखो न दुखो. हे औषध नाक्यावरच्या दुकानात मिळत नसे. पंधरा दिवसांचं तेवढं सह्या करून हातात पडायचं.

आई त्या पुडीला हात लावेना. चाळीमागच्या नाल्याच्या भिंतीला टेकून गर्दुल्ले बसलेले असत. "तीच वस्तू ना गं ही?" असं तिचं सारखं चाललेलं. शेवटी बाबांनीच मला विचारलं, "ह्येची सवय लागता काय गो?"

टॉलरन्सचा धडा नुकताच झाला होता. मी घडाघडा म्हटलं, "लागते ना, बाबा. शरीर सरावतं. मग तेवढ्या गोळीने भागत नाही. हळूहळू ती लागूच पडेनाशी होते."

पुस्तकात पुढचं पानही होतं. ते मी सांगितलं नाही, कारण मी ते नीट वाचलंच नव्हतं.

त्याच दिवशी बाबा म्हणाले, गोळ्या मीच घेईन माझ्या हाताने. गिरणीत आयुष्यभर पाळ्या सांभाळलेला माणूस, वेळ चुकायचा नाही, म्हणून आम्ही निर्धास्त. पण दुखणं वाढतच गेलं. खिडकीचा गज धरून आणि टॉवेल दातांत घेऊन ते तासन् तास बसत. आई भाकरी थापता थापता रडायची. मी मनात म्हणायचे, बघा, सरावलं ना शरीर! मेली माझी हुशारी. पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या कानावर घालू, असं म्हणत सहा आठवडे गेले. दर खेपेला इस्पितळात बाबा स्वतःच डॉक्टरांना सांगत, "बरा आसा." आणि मी शेजारी गप्प उभी राहायचे.

मग कॉलेजात एक प्रात्यक्षिक झालं. मॉर्फिन टोचलेला उंदीर तापलेल्या पत्र्यावर ठेवायचा आणि तो पाय चाटायला लागेपर्यंत किती सेकंद जातात ते मोजायचं. मी वहीत सुबक तक्ता काढला. सर जाता जाता म्हणाले, माणसात डोळे बघायचे. मॉर्फिनने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, आणि पोट हमखास धरतं, साफ होत नाही.

बाबांचे डोळे मी रोज बघत होते.

दुपारीच घरी आले. बाबांचं तोंड खिडकीकडे वळवलं. बाहुल्या चांगल्या मोठ्या होत्या. आईला विचारलं, यांचं पोट कसं आहे? "साफ होतंय रोज, देवाची कृपा," ती म्हणाली. म्हणजे गोळ्या पोटात जातच नव्हत्या.

"बाबा, गोळ्या कुठायत?"

त्यांनी खुंटीकडे बोट दाखवलं. तिथे फडक्यात त्यांच्या भजनाच्या झांजा बांधलेल्या असत. गणपतीला गावी जाताना त्या निघायच्या, एरवी नाही. मी गाठ सोडली. दोन्ही झांजा तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या, आणि मधल्या पोकळीत कापसात गोळ्या. अगदीच जीव जायची पाळी आली तर तेवढी अर्धी घेत होते.

"गणपतीक जावचा आसा," ते म्हणाले. "यष्टीत दिवसभर बसाचा, मगे पाच दिवस आरत्ये. तेवा लागू पडाक व्हयी ना? तूच सांगलंस, सवय झाली की काम करणा नाय."

मी त्यांच्यावर ओरडले. इतक्या वेदनेत बसलेल्या माणसावर, चाळ गोळा होईल एवढ्या मोठ्याने. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अर्ध्या गोळीपासून परत सुरू करा आणि चढवत न्या. कमी पडली तर आणखी वाढवू, या औषधाला इथवरच अशी हद्द नसते. साठवायचं कशाला? मग मी काय शिकते ते विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी कागद पुढे ओढला आणि गोळ्यांच्या वेळा माझ्यासाठी मोठ्या अक्षरात लिहून दिल्या.

गजराचं घड्याळ लावून गोळ्या आता मी देऊ लागले. गणपतीला महिना होता. बाबांना तेवढे दिवस मिळाले नाहीत, अकराच मिळाले. पण त्यातल्या चौथ्या सकाळी ते पाठ टेकून सरळ झोपलेले होते. उठून पेज मागितली, वर सुकटीची चटणी. मीठ कमी म्हणून आईवर डाफरले. गज धरून धरून तळहाताला घट्टे पडले होते, तो हात मोकळा मांडीवर ठेवून बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"चेडवा, ह्या असा होता तर आधी कित्याक नाय सांगलंस?"

"विसरले, बाबा," मी म्हटलं.